आखाजीची रजा आणि अकरा सह्या

माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट दहा महिने एका परक्या माणसाच्या भिंतीवर टांगलेलं होतं. तो माणूस डॉक्टर होता. सुरतेत पर्वत पाटियाजवळ त्याचं बारा खाटांचं नर्सिंग होम होतं आणि त्या बारा खाटांसाठी नर्सिंग कौन्सिलच्या वहीत नाव असलेली नर्स एकच होती, ती मी. आज कुणाला ही हकीकत सांगितली की समोरचा हमखास म्हणतो, जाऊ द्या हो, किती वर्षं झाली. का जाऊ देऊ? वर्षं झाली म्हणून राग निवतोच असं नाही. माझा तरी निवलेला नाही.

ते सर्टिफिकेट तिथे टांगलं माझ्याच वडिलांनी. आबा लिंबायतला पॉवरलूमवर कामाला होते, बारा तासांची पाळी. दोंडाईच्याजवळचं गाव सोडून ते सुरतेला आले तेव्हा मी पाळण्यात होते. सरकारी दवाखान्याच्या नर्सिंग स्कूलमधून मी पास झाले, अहमदाबादहून पोस्टाने सर्टिफिकेट आलं, त्या दिवशी आबांनी ते आधी सोनेरी पट्टीच्या फ्रेममध्ये बसवून आणलं आणि मगच घरातल्यांना हात लावू दिला. कारखान्यात त्यांनी एकच रीत पाहिली होती. शेठच्या ताब्यात आपलं काहीतरी असलं की शेठ आपल्याला सहसा काढत नाही. त्यामुळे ‘ओरिजिनल इथेच ठेवावं लागेल’ असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आबांना आनंदच झाला. दुसऱ्या दिवशी ते फ्रेम, हातोडी आणि घरचा एक जाडसर खिळा घेऊन माझ्याबरोबर आले. चपला दाराबाहेर काढल्या, पेशंटच्या बाकावर चढले आणि काउंटरलगतच्या भिंतीवर त्यांनी खिळा ठोकला. डॉक्टरांनी लांबूनच मान हलवली. घरी येताना आबा मला म्हणाले, “कागद सायेबपाशी राह्यना म्हंजे नोकरी पक्की शे, माय.”

मी गप्प बसले. बावीस वर्षांची होते, मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नये हे शाळेत दहा वेळा ऐकलेलं होतं, तरी गप्प बसले. या हकिकतीत मला ज्यांचा ज्यांचा राग येतो त्या यादीत मीही आहे, आणि बरीच वर आहे.

त्या डॉक्टरला माझं नाव घ्यायला जड जायचं. तो मला ‘ए’ म्हणायचा, आणि चिडला की ‘डोबी’. डोबी म्हणजे म्हैस. पेशंटसमोर म्हणायचा, पेशंटच्या नातेवाइकांसमोर म्हणायचा. एकदा ड्रेसिंगचा ट्रे त्याने माझ्या पायाशी भिरकावला, का तर कात्री डावीकडे ठेवली होती. सकाळची ड्यूटी संपवून निघाले की दारात अडवून सांगायचा, संध्याकाळचीही तूच कर. दहा महिन्यांत मला रविवार मिळाले तीन. नोकरी सोडते असं एकदा म्हणाले तर त्याने भिंतीकडे बोट दाखवलं आणि हसला. त्या हसण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण करणार काय? हातात होती फक्त एक झेरॉक्स.

शिव्या सहन होतात, हे मी आता लाजेने सांगते. खरी मेख दुसरीच होती. तिथे इंजेक्शनं, सलाईन, ड्रेसिंग हे सगळं चार आया करायच्या. त्यातल्या सगळ्यात जुन्या मावशी परभणीकडच्या. फरशी पुसायला म्हणून लागल्या होत्या आणि बघून बघून सुई टोचायला शिकल्या होत्या. खरं सांगायचं तर शीर शोधायला त्यांच्यासारखा हात मी पुढे मोठ्या हॉस्पिटलांतही क्वचित पाहिला. लहान मुलांची शीर कशी पकडायची ते मी त्यांच्याकडूनच शिकले. पण औषध का द्यायचं, किती द्यायचं, कधी द्यायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सुई त्या टोचणार आणि चार्टवर सही मी करणार, अशी तिथली पद्धत होती. चार्टच्या पानावर सगळी इंजेक्शनं एकाखाली एक लिहायची आणि तळाशी ‘देणार’ म्हणून एकच सही. सकाळी आल्या आल्या दिवसभराच्या कोऱ्या पानांवर सह्या करून ठेवायच्या, म्हणजे डॉक्टरला मागाहून शोधाशोध नको. पहिल्या आठवड्यात मी म्हटलं होतं की असं चालत नाही. तेव्हाच पहिल्यांदा डोबी हा शब्द ऐकला. दुसऱ्या आठवड्यापासून मी सह्या करायला लागले.

मग आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आम्ही खानदेशी लोक आखाजी म्हणतो, आणि आमची दिवाळी एक वेळ सुरतेत होईल, आखाजी होत नाही. आखाजीला सासरच्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसते, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. त्या तीन दिवसांत आमच्या गल्ल्यांना कुलपं असतात. लूमचे शेठसुद्धा आखाजीत खाडा धरत नाहीत, कारण धरून उपयोग नसतो. माझी मोठी बहीण लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला गावी काकांच्या घरी येणार होती. मी तीन दिवसांची रजा मागितली.

डॉक्टरने ड्रॉवरमधून चार्टच्या पानांचा गठ्ठा काढला आणि माझ्यासमोर टाकला. “सही करी दे,” तो म्हणाला, “पछी जा.” म्हणजे मग जा.

अकरा पानं होती. सगळी कोरी. त्यावर मी नसलेल्या तीन दिवसांत काय लिहिलं जाणार, हे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं. पण डोळ्यांसमोर झोका होता, बहिणीचा चेहरा होता, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा सलग तीन दिवस कुणी मला म्हैस म्हणणार नव्हतं. मी अकराही पानांवर सह्या केल्या. शेवटची तर उभ्याउभ्याच केली, पॅसेंजर चुकेल म्हणून.

गावाला आखाजीच्या दिवशी दुपारी काकांची लेक झोक्यावरून पडली. कपाळ फुटलं. तिला बैलगाडीतून शेजारच्या गावातल्या सरकारी आरोग्य केंद्रात नेलं. तिथे वयस्कर डॉक्टर एकटेच बसले होते. त्यांची नर्सही आखाजीला माहेरी गेली होती. पोरगी किंचाळत होती आणि डॉक्टरांना टाके घालताना कुणीतरी हाताखाली हवं होतं. मी नर्स आहे म्हटल्यावर त्यांनी मला हात धुवायला पाठवलं. मी पोरीला धरलं, सामान हातात दिलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. काम झाल्यावर त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. “लिहा, सिस्टर. जे केलंत ते लिहा, वेळ घाला आणि खाली सही करा.” मला कुणीतरी ‘लिहा, सिस्टर’ म्हणालं याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मी सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं. दुपारचे तीन वाजले होते.

त्याच दुपारी सुरतेत काय झालं ते मला परत आल्यावर कळलं. अक्षय्य तृतीया म्हणजे लग्नांचा मुहूर्त, डॉक्टर एका लग्नात होता. नर्सिंग होममध्ये एक बाई आली, साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम घरी बसून करणारी, आमच्याच खानदेशातली. पायाला जखम होऊन ती चिघळली होती, अंगात ताप होता. डॉक्टरने लग्नाच्या मांडवातून फोनवरच पेनिसिलिन द्यायला सांगितलं. पेनिसिलिन आधी थेंबभर टोचून बघायचं असतं, अंगाला चालतं की नाही ते, त्याला टेस्ट डोस म्हणतात. फोनवर ते कुणी बोललं नाही आणि मावशींना ते माहीत नव्हतं. त्यांनी पूर्ण इंजेक्शन दिलं. बाईला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले. डॉक्टर जरीच्या कुर्त्यातच धावत आला, गाडीत घालून तिला सरकारी दवाखान्यात नेलं, आणि तिथल्या लोकांनी तिला वाचवलं. मग हा परत आला, ड्रॉवर उघडला आणि माझ्या सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘तीन वाजता टेस्ट डोस दिला. रिअॅक्शन नाही.’

बाईच्या नवऱ्याने पोलिसांत लेखी तक्रार दिली होती. मी कामावर आले त्या सकाळी डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याशी गोड बोलला. बस म्हणाला, चहा मागवला. मग एक कागद पुढे केला. ‘मी स्वतः टेस्ट डोस दिला होता’ असं माझ्या अक्षरात लिहून द्यायचं होतं.

“मी तर इथे नव्हते,” मी म्हटलं.

“खाली कागळ पर ज छे ने,” तो म्हणाला. नुसतं कागदावर तर आहे. आणि मग हिंदीत, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, “सही तो तेरी है. नहीं लिखेगी तो भी तेरी है. सोच ले. तेरा रजिस्ट्रेशन जाएगा.”

चहा तसाच ठेवून मी उठले. मावशी सलाईनच्या बाटल्या लावत होत्या. मला बघून त्यांचे डोळे भरले. “सायबानं दे म्हनून सांगितलं, मी दिलं गं पोरी,” त्या म्हणाल्या. “तुझं नाव घालतेत हे मला ठावं नव्हतं.” मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि नाही आला म्हणून स्वतःवर चिडले.

त्याच दुपारी मी सरकारी दवाखान्यात आमच्या नर्सिंग स्कूलच्या ट्यूटर बाईंकडे गेले. बडोद्याच्या मराठी, कडक इस्त्रीची साडी, आम्हा मुलींना त्यांचा धाक होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी मला वॉर्डात नेलं. टिकल्यांवाली बाई खाटेवर बसून होती. तिच्या बोटांच्या टोकांवर वाळलेल्या फेविकॉलची साल तशीच होती. तिने मला ओळखलं, मागे एकदा ती ड्रेसिंगला आली होती. “तुम्ही नव्हत्या त्या दिवशी,” ती म्हणाली. “तुम्ही ऱ्हात्या तर इचारतं ना, अंगाले चालस का म्हनून.” मला मान वर करता येईना. मी असते तर विचारलं असतं, हे खरं होतं. आणि मी नव्हते तरी तिथे माझी सही होती, हेही.

बाहेर आल्यावर ट्यूटर बाई म्हणाल्या, “त्यानं काय केलं ते नंतर. कौन्सिलला पत्र लिही, आणि पहिलं वाक्य तुझ्या चुकीचं लिही.”

“पण मग माझंच रजिस्ट्रेशन जाईल.”

“जाईल कदाचित. पण ते लपवलंस तर त्याची मूठ कायम तुझ्या मानेवर राहील. शिवाय गावात होतीस याचा पुरावा लागेल. आहे?”

आरोग्य केंद्राचं रजिस्टर आठवलं. “आहे,” मी म्हटलं.

घरी आबांना सांगितलं. ते लूमवरून आले होते, केसांत कापसाचा भुरका होता. एकच प्रश्न विचारला त्यांनी, “सही तुनीच शे का?” हो म्हटलं. आता ते म्हणणार, सायेबाचे पाय धर, अशी माझी खात्री होती आणि त्या खात्रीनेच माझं डोकं भणभणायला लागलं होतं. आबा उठले, पिशवी काढली. “मीच जास गावले,” म्हणाले, “रजिस्टरना कागद लई येस.” म्हणजे घेऊन येतो. आखाजीनंतर आठवड्याच्या आत पुन्हा खाडा. दोन दिवसांनी ते परतले तेव्हा पिशवीत त्या वयस्कर डॉक्टरांनी गोल शिक्का मारून दिलेली नक्कल होती. माझं नाव, माझी सही, आखाजीचा दिवस, दुपारचे तीन.

या दोन दिवसांत मी कामावर गेले नाही. पत्र लिहीत होते. पहिलं वाक्य लिहायला मला एक अख्खी सकाळ लागली: ‘मी अकरा कोऱ्या चार्टांवर आगाऊ सह्या केल्या, ही माझी चूक आहे.’ ते लिहून झाल्यावर पुढचं झरझर आलं. कोण इंजेक्शनं देतं, कोण चार्ट भरतं, माझं सर्टिफिकेट कुठे अडकवलंय, सगळं. एक प्रत रजिस्टरच्या नकलेसह कौन्सिलला, राजीनाम्यासोबत एक प्रत डॉक्टरला, दोन्ही रजिस्टर्ड ए.डी.ने. पोस्टातून पोचपावतीचं कार्ड डॉक्टरच्या सहीने परत आलं, तेव्हा मी ते उजेडात धरून दोनदा पाहिलं. त्याच्या सहीचा माझ्या हातात असलेला हा पहिला कागद.

मग आम्ही दोघं सर्टिफिकेट आणायला गेलो. सकाळचे अकरा, बाकांवर पेशंट भरलेले. डॉक्टर काउंटरपाशी उभा होता. त्याने माझं पत्र वाचलेलं होतं, तोंडावरूनच कळत होतं. आबांनी सवयीने चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. या माणसापुढे हात?

“सायेब, लडकी का कागज दे दो,” आबा म्हणाले.

“पेलां लखी आप,” डॉक्टर माझ्याकडे बोट करून म्हणाला. आधी लिहून दे. “नहीं तो इसका कागज इधर ही सड़ेगा. तुम लोग को काम कौन देगा?”

तुम लोग. बाकांवरचे अर्धे पेशंट आमचेच होते, लूमवाले, टिकल्यांवाल्या. सगळे बघत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात आबांनी जोडलेले हात सोडले. बाकावरच्या एका माणसाला म्हणाले, “जरासा सरक, भाऊ.” तो सरकला. आबा बाकावर चढले, जसे दहा महिन्यांपूर्वी चढले होते तसे, आणि त्यांनी फ्रेम उतरवून माझ्या हातात दिली. डॉक्टर ओरडला, पोलीस बोलावीन म्हणाला. “बोलवा,” मी म्हटलं, “त्यांनाही चार्ट बघायचाच आहे.” एवढं मोठ्याने मी त्या जागेत कधीच बोलले नव्हते.

आबा खाली उतरेनात. त्यांनी दोन्ही हातांनी खिळा धरला, हलवला, डावीकडे, उजवीकडे. भिंतीतून चुना गळला. खिळा निघाला तेव्हा तळहाताला खरचटलं होतं. “खिळा बी मनाच शे,” खिळाही माझाच, असं म्हणून त्यांनी तो खिशात टाकला, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि चालू लागले. मी फ्रेम छातीशी धरून त्यांच्या मागे. रस्त्याने दोघंही रडत होतो. मी रागाने रडत होते, ते कशाने ते मी विचारलं नाही.

कौन्सिलचं उत्तर यायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत पोस्टमन गल्लीत शिरला की मी हातातलं काम टाकून दारात जायचे. अखेर पत्र आलं: कोऱ्या कागदांवर सह्या केल्याबद्दल लेखी ताकीद, रजिस्ट्रेशन कायम. आईने देवापुढे साखर ठेवली. मला आनंद झाला, पण पूर्ण झाला नाही. टिकल्यांवाल्या बाईच्या नवऱ्याने तोवर तक्रार मागे घेतली होती. मावशींना काढून टाकलं होतं. नर्सिंग होम चालू होतं, बारा खाटांवरून सोळा खाटा झाल्या होत्या. खोटं ज्याने लिहिलं त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. ताकीद मिळाली ती मला.

पुढच्या वर्षी मला सरकारी आरोग्य केंद्रात नोकरी लागली. आखाजीच्या आदल्या आठवड्यात कामाने पर्वत पाटियाला गेले होते. परतताना पाय आपोआप तिकडे वळले. काचेच्या दारातून आत बघितलं. आबांनी खिळा उपटला होता तिथे भोक बुजवून वर रंग दिला होता, आणि त्याच्या वीतभर बाजूला नवा खिळा, नवी फ्रेम.

मी आत गेले. डॉक्टर नव्हता. काउंटरला पांढऱ्या गणवेशातली एक मुलगी बसली होती, जेमतेम बावीस-तेवीसची. बोलण्यावरून नंदुरबारकडची वाटली. फ्रेममधलं नाव तिचंच होतं.

“आखाजीला गावी जाणार?” मी विचारलं.

तिचा चेहरा खुलला. “हो ताई. पहिल्यांदाच रजा मिळाली. सरांनी लगेच हो म्हटलं.”

“किती सह्या केल्यास?”

तिचं हसू गेलं. मी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं, पण काय विचारतेय ते बरोबर कळलं होतं. तिने ड्रॉवरकडे पाहिलं.

“नऊ,” ती म्हणाली.

ड्रॉवर तिच्या हाताशीच होता. “काढ,” मी म्हटलं, “आणि आत्ता माझ्यासमोर फाड. मी दारात उभी राहते.”